रिव्ह्यू दोन टोकांचे आणि मधे अडकलेला बँड

वाचकाचं पत्र (थोडं छोटं करून देतेय):

ताई, आमचा चार जणांचा इंडी रॉक बँड आहे. मी गातो, गिटार वाजवतो, गाणी बहुतेक माझीच. पहिला अल्बम लोकांना जाम आवडला होता, फास्ट, लाउड, गिगला सगळे उड्या मारायचे. दुसरा आत्ता आला आणि प्रतिक्रिया अगदी दोन टोकांच्या आहेत. एका समीक्षकाने दहापैकी नऊ दिले, लिहिलं की बँड आता खऱ्या अर्थाने मोठा झाला, फक्त शब्द कान देऊन ऐकावे लागतात. दुसऱ्याने दहापैकी चार, म्हणे गाणी अर्धवट सोडल्यासारखी वाटतात. जुने फॅन म्हणतायत एनर्जी गेली. नवीन लोक शेवटचं आठ मिनिटांचं गाणं लूपवर ऐकतायत. बरेच जण म्हणतात शब्द कळत नाहीत. आमच्या ड्रमरने तो चार मार्कवाला रिव्ह्यू बँडच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मी हेच सांगत होतो.' तेव्हापासून आमचं धड बोलणं नाही. (यावेळी चार गाण्यांत ड्रम मशीन वापरलंय, गाण्यांची गरज होती.) पुढच्या महिन्यात गिग आहेत. कुणाचं ऐकू? अल्बम परत मिक्स करून (म्हणजे आवाज आणि वाद्यांचं प्रमाण नव्याने जुळवून) टाकू का? त्या चार मार्कवाल्याला उत्तर लिहू का, त्याने पाचव्या गाण्यात ड्रम मशीन आहे असं लिहिलंय, तिथे तर खरे ड्रम आहेत, एवढंही नीट ऐकलं नाही त्याने. आणि पुढचा अल्बम परत पहिल्यासारखा करायचा का?
– बँडमधला गाणारा

अरे, तू लिंक पाठवली होतीस म्हणून आधी अल्बम पूर्ण ऐकला आणि मग पत्र परत वाचलं, आणि मला वाटतं तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकलंयस.

नऊ गाण्यांचा अल्बम, त्यातल्या चार गाण्यांत मशीन. शेवटचं आठ मिनिटांचं गाणं, ज्यावर नवीन लोक फिदा आहेत, त्यात मशीन नाही पण ड्रम येतात केव्हा, तर पाचवं मिनिट संपल्यावर. म्हणजे जवळजवळ अर्ध्या अल्बममध्ये तुमचा ड्रमर नाहीच आणि ज्या गाण्याचं सगळ्यात जास्त कौतुक होतंय त्यात तो बराच वेळ नुसता थांबलेला आहे. तू लिहितोस गाण्यांची गरज होती. असेलही, तिसरं गाणं मला मशीनवरच छान वाटलं, तिथे माणूस वाजवता तर तो कोरडेपणा आला नसता. पण हा निर्णय कोणी घेतला, तो तेव्हा खोलीत होता का, त्याला विचारलं होतं की सांगितलं होतं, हे पत्रात कुठेच नाही. आणि मग अल्बम आला, कुणीतरी तिऱ्हाईत माणसाने गाणी अर्धवट वाटतात असं लिहिलं आणि ड्रमरने ते ग्रुपवर टाकलं. इतके महिने जे त्याला तुमच्यासमोर नीट मांडता आलं नसेल ते त्याला छापील मिळालं, एवढंच झालंय. त्या समीक्षकाच्या जागी दुसरा कोणी असता तरी ड्रमरने हेच केलं असतं. तुमचं भांडण रेकॉर्डिंगच्या वेळचं आहे आणि ते तुम्ही रिव्ह्यूंच्या आडून खेळताय, तो चारवाला हातात धरून आणि तू नऊवाला.

आता रेडिओहेडचं उदाहरण द्यावंच लागतंय. तो मोठ्या लेबलचा, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा बँड, तुमची परिस्थिती वेगळी, हे कबूल, पण गोष्ट जवळपास हीच आहे. १९९७ च्या 'ओके कॉम्प्युटर' या अल्बममुळे त्यांना डोक्यावर घेतलं गेलं आणि ऑक्टोबर २००० मध्ये 'किड ए' आला तो गिटार बाजूला सारून, सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), मशीन, तुकडे तुकडे जोडलेले आवाज, सिंगल (वेगळं काढलेलं एखादं गाणं) नाही की नेहमीसारखे व्हिडिओ नाहीत. मेलडी मेकर या संगीत साप्ताहिकाने पाचपैकी दीड स्टार दिला. पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या वेबसाइटने दहापैकी दहा. एकच अल्बम! रोलिंग स्टोन मासिकाच्या २०२० च्या सर्वोत्तम ५०० अल्बमच्या यादीत तो विसावा आहे, पण ते जाऊ दे, मला तुला सांगायचंय ते आतलं. रेकॉर्डिंगच्या काळात बँडमधल्या काहींना कळेना की या गाण्यांत आपण नेमकं करायचं काय, काही गाण्यांत सगळे जण वाजवतही नाहीत, आणि तो काळ त्यांना फार जड गेला, बँड तुटायची वेळ आली होती. त्यातून ते बाहेर आले त्याचं एक कारण मला कायम स्टेजवर दिसतं. 'इडियोटेक' नावाचं गाणं रेकॉर्डवर इलेक्ट्रॉनिक बीटवर चालतं, लाइव्ह वाजवताना मात्र ड्रमर फिल सेलवे ड्रमवर असतो आणि गाणं रेकॉर्डपेक्षा कितीतरी जास्त पेटतं. रेकॉर्डवर एक रूप, स्टेजवर दुसरं, आणि दुसऱ्यात ड्रमरला पूर्ण जागा. हे लक्षात ठेव, शेवटी परत लागणार आहे.

तर कुणाचं ऐकू. नऊ आणि चारची सरासरी साडेसहा येते, आणि अख्ख्या दुनियेत तुमचा अल्बम साडेसहाचा वाटलेला माणूस बहुधा सापडायचा नाही. ज्याला आवडलाय त्याला खूप आवडलाय, ज्याला नाही त्याला नाहीच. मेटाक्रिटिकसारख्या ठिकाणी रिव्ह्यूंचे मार्क गोळा करून एक आकडा काढतात तेव्हा हेच होतं, सगळ्यांना बरा वाटलेला अल्बम आणि निम्म्यांना जीव की प्राण वाटलेला अल्बम एकाच आकड्यावर येऊन बसतात. म्हणून आकडे सोड, वाक्यं वाच.

आणि आकड्यांवर फार विसंबू नये याचं अजून एक कारण आहे, हे मी सांगितल्याशिवाय राहणार नाही कारण हा अभ्यास प्रत्येक बँडने वाचायला हवा. २००६ मध्ये सॅलगॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी एक प्रयोग छापला. १४ हजारांहून जास्त लोक, अनोळखी बँडची ४८ गाणी. काही लोकांना नुसती गाणी दिली, बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि त्यांना आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलंय ते दिसायचं. गट एकमेकांपासून पूर्ण तुटक. तर एकच गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं! फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं, आधी कोणी काय उचललं त्यावर. तुझ्या अल्बमवर पहिल्या आठवड्यात कोण काय बोललं यात असाच नशिबाचा मोठा वाटा आहे, चांगल्या बोलण्यातही आणि वाईटातही.

समीक्षकही माणसंच, त्यांचंही मत बदलतं. पिचफोर्कने २०२१ मध्ये स्वतःचेच काही जुने मार्क बदलले, लिझ फेअर या गायिकेच्या २००३ च्या अल्बमला तेव्हा ०.० दिले होते ते ६.० केले. पण त्याच वेळी इंटरपोल या बँडच्या पहिल्या अल्बमचे ९.५ वरून ७.० पण केले, ही बाजू कोणी सांगत नाही. म्हणून चारवर जितका अविश्वास दाखवतोस तितकाच थोडा नऊवरही ठेव.

मग विश्वास कशावर? माझा एक नियम आहे. ज्याला अल्बम आवडलाय त्याची तक्रार आणि ज्याला आवडला नाही त्याचं कौतुक, ही दोनच वाक्यं आधी शोधायची. बाकी सगळं आवडनिवड आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तर बघ, नऊ देणारा माणूस, तुमच्यावर खूश असलेला, तो म्हणतोय शब्द कान देऊन ऐकावे लागतात. आणि तू स्वतःच लिहिलंयस की बरेच जण हेच म्हणतायत. एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या आवडीची माणसं एकाच जागी बोट ठेवतायत तर ती जागा दुखरी आहे असं समज.

आणि हो, ती आहे. दुसऱ्या गाण्याच्या कोरसला दोन डिस्टॉर्टेड (मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाच्या) गिटार एकदम येतात, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि तुझा आवाज मधे बुडतो. स्वर ऐकू येतात, शब्द नाही. शब्द आपल्याला कळतात ते क, ट, स, च असल्या व्यंजनांमुळे, आणि त्यांची धार साधारण दोन ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते, नेमकी तिथेच डिस्टॉर्टेड गिटार पण ठाण मांडून बसलेली असते. तुला हे ऐकू येणार नाही कारण तुला शब्द पाठ आहेत, तुझं डोकं गाळलेल्या जागा आपोआप भरतं. ज्याने हे शब्द कधीच वाचलेले नाहीत अशा कुणाला तरी साध्या इअरफोनवर तो कोरस ऐकव आणि ऐकू येईल ते लिहून काढायला सांग, तुला बघून धक्का बसेल. आणि अजून एक, राग मानू नकोस, पण गाणारे लोक मिक्सच्या वेळी स्वतःचा आवाज खाली करायला लावतात हे फार कॉमन आहे. विशेषतः शब्द अगदी आतले असतील तर. तुझे यावेळचे शब्द पहिल्या अल्बमपेक्षा खूप उघडे आहेत. ज्या ओळींत तू सगळ्यात खरं बोललायस त्याच ओळी सगळ्यात खाली गाडलेल्या आहेत, सहावं गाणं परत ऐक.

आता परत मिक्स करायचा का? आत्ता नाही. एक तर मिक्स बदललं की ते नवीन रेकॉर्डिंग धरलं जातं, त्याला नवा आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा स्वतःचा ओळख क्रमांक) कोड लागतो, म्हणजे सगळी उस्तवार परत, आणि जे लोक आत्ता त्या शेवटच्या गाण्यात राहायला आलेत त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होईल. दुसरं म्हणजे रिव्ह्यूच्या आठवड्यात घाबरून केलेलं मिक्स चांगलं होत नाही, हात थरथरत असताना फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) हलवू नयेत. आरईएम या बँडचा 'मॉन्स्टर' १९९४ मध्ये आला त्यात त्यांचा गायक मायकेल स्टाइपचा आवाज असाच गिटारच्या मागे होता. त्या अल्बमचा सहनिर्माता स्कॉट लिट, त्याने स्वतःच २०१९ च्या आवृत्तीसाठी सगळा अल्बम नव्याने मिक्स केला आणि आवाज पुढे आणला. २५ वर्षांनी! आणि जुना मिक्सही तिथेच राहिला, ज्याला जो हवा तो ऐकेल. तर ही दुरुस्ती पळून जात नाही. आत्ता इतकंच कर, सगळ्या गाण्यांचे शब्द स्ट्रीमिंगवर नीट चढव, गिगच्या साउंडवाल्याला आधीच सांगून ठेव की आवाज पुढे हवा, आणि पुढच्या वेळी मिक्सला असं कोणीतरी बसव ज्याला शब्द माहीत नाहीत.

जुन्या फॅनचं. एनर्जी गेली म्हणतायत त्यांच्यावर चिडू नकोस, तेच तुम्हाला इथपर्यंत घेऊन आलेत आणि त्यांचं वाईट वाटणं खरं आहे. पण मी दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले (पहिला पण काढून ऐकला) आणि मला एक गोष्ट जाणवली. पहिल्या अल्बममध्ये वेग तर आहेच, पण खरी मजा आहे ती ड्रमर तालाच्या किंचित पुढे वाजवतो त्यात, पूर्ण बँडला मागून ढकलल्यासारखं वाटतं, गिटार त्याला गाठायला पळतेय असं. मशीन ते करू शकत नाही, तिला जिथे ठेवाल तिथेच ती पडते. जुन्या फॅनना ज्याची उणीव भासतेय ती चीज बहुतेक फास्ट गाणी नाहीच, तुमचा ड्रमर आहे. चारवाला समीक्षक गाणी अर्धवट वाटतात म्हणतो तेव्हा तोही कदाचित याच रिकाम्या जागेबद्दल बोलतोय, त्याला नाव देता आलं नाही इतकंच. नवीन लोकांचं लाडकं गाणं घे, त्यातही साडेसहाव्या मिनिटाला ड्रम पूर्ण ताकदीने आल्यावर जे होतं त्यासाठीच लोक परत परत ते लावत असणार, मी तरी त्यासाठीच परत लावलं.

म्हणून पुढचा अल्बम पहिल्यासारखा करायचा का या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे, पण ड्रमर पहिल्यासारखा मधोमध हवा का याचं उत्तर मला वाटतं हो. ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि भीतीपोटी तुम्ही ती एक करून टाकाल याची मला काळजी वाटते. वीझर या बँडचं तेच झालं. १९९६ च्या 'पिंकर्टन'ला लोकांनी तेव्हा नीट स्वीकारलं नाही, गाणी फार वैयक्तिक, आवाज खरबरीत. त्यांचा गायक रिव्हर्स क्युओमोने ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढचा अल्बम २००१ मध्ये आला तो एकदम गुळगुळीत, स्वतःला लपवून लिहिलेला. आणि इकडे लोक 'पिंकर्टन'च्या प्रेमात पडत गेले, २००४ मध्ये रोलिंग स्टोनने त्यालाच पाच स्टार दिले, २०१० मध्ये बँडने टूरवर तो अख्खा वाजवला. आता हे तुला दिलासा म्हणून सांगत नाहीये. नावं ठेवलेला प्रत्येक अल्बम पुढे क्लासिक होत नाही, बहुतेक नुसते विसरले जातात आणि त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून आपल्याला वाटतं की वेळ सगळ्यांना न्याय देते. माझा मुद्दा एवढाच की पहिल्या काही आठवड्यांच्या आवाजावरून पुढच्या काही वर्षांचं लिखाण ठरवू नये.

राहिलं ते उत्तर लिहिणं. मतावर उत्तर द्यायचं नाही, अजिबात नाही. त्याला गाणी अर्धवट वाटली तर वाटली, तू पानभर लिहिलंस तरी त्याला ती पूर्ण वाटणार नाहीत आणि वाचणाऱ्यांना फक्त तुझा राग दिसेल. पण पाचव्या गाण्याची गोष्ट वेगळी आहे, ते मत नाही, ती चूक आहे, आणि ती तुझ्यापेक्षा तुझ्या ड्रमरच्या वाट्याची आहे. विचार कर ना, त्याने जो रिव्ह्यू ग्रुपवर टाकला त्यातच त्याचं स्वतःचं वाजवणं मशीन म्हणून लिहिलंय. त्याने ते वाचलं असणारच. आपण इतकं वाजवून समोरच्याला मशीन वाटलो, हे वाचून त्याला काय वाटलं असेल हे तुमच्यातल्या कुणी विचारलं का त्याला? तू त्या ओळीवर समीक्षकाची चूक पकडलीस, बरोबर पकडलीस, पण ड्रमर तुला त्यात दिसला नाही.

तर असं कर. त्याला एकट्याला भेट, पूर्ण बँड नको, मेसेजवर तर मुळीच नको. रिव्ह्यूबद्दल बोलायला सुरुवात करू नकोस, आणि 'गाण्यांची गरज होती' हे वाक्य त्याच्यासमोर काढू नकोस, ते ऐकून माणसाला वाटतं की गाण्यांना आपली गरज नव्हती. त्याला विचार की त्या चार गाण्यांपैकी कुठल्या गाण्यात तुला वाजवायचं होतं आणि काय वाजवणार होतास. मग गप्प बस आणि ऐक, मधेमधे बाजू मांडू नकोस. कदाचित तो म्हणेल दोन गाण्यांत मशीनच बरं होतं. कदाचित चारही गाण्यांसाठी त्याच्याकडे काहीतरी तयार असेल जे त्याने तेव्हा बोलूनच दाखवलं नाही.

मग गिगसाठी ती चार गाणी त्याच्या हातात द्या. मशीनचा ट्रॅक बंद करून, किंवा त्याला हवा असेल तर चालू ठेवून त्यावर तो वाजवेल, तो ठरवेल. शेवटचं गाणं मात्र लगेच हलवू नका, लोक त्या थांबण्यासाठीच येणार आहेत, पण प्रॅक्टिसला एकदा ते त्याला पहिल्या मिनिटापासून वाजवू दे, बघा काय होतं, नाही जमलं तर सोडून द्या. जुन्या अल्बममधली दोन-तीन गाणी सेटच्या मधे घाला, सुरुवातीला नको, नाहीतर लोक पुढचा सगळा वेळ तीच मागत बसतील.

आणि त्या रिव्ह्यूच्या संपादकांना दोन ओळींचा मेल पाठव, पाचव्या गाण्यात ड्रम मशीन नाही, ड्रम आमच्या ड्रमरने वाजवलेत, कृपया दुरुस्ती करावी, खाली त्याचं पूर्ण नाव. बाकी एक शब्द नको. पाठवायच्या आधी त्याला दाखव, आणि तो नको म्हणाला तर पाठवू नकोस.